जुन्या स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल टाकायचं? फक्त ‘नव्वद नंबर’ सांगून का भागत नाही?

भातकुलीच्या किंवा अमरावतीच्या कुठल्याही ऑइलच्या दुकानात गिअर ऑइल मागा, समोरून पहिला प्रश्न येतो, ‘नव्वद की एकशेचाळीस?’ ट्रॅक्टर, जीप, मालवाहू ऑटो अशा रोजच्या गाड्यांचं काम या एका प्रश्नावर निघून जातं. पण घरच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली ५०-६० वर्षांपूर्वीची एमजी, ट्रायम्फ किंवा स्टँडर्ड हेराल्ड उभी असेल आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर हा प्रश्न अर्धाच ठरतो. डब्यावरच्या दुसऱ्या ओळीत ‘जीएल-४’ लिहिलंय की ‘जीएल-५’, यावर त्या गिअरबॉक्सचं आयुष्य ठरतं. ऑइलचा डबा काहीशे रुपयांत मिळतो. खराब झालेली सिंक्रो रिंग मात्र बहुतेक वेळा परदेशातून मागवावी लागते, आणि ती बसवायला गिअरबॉक्स पूर्ण खोलावा लागतो. म्हणून डबा उघडण्याआधी ही माहिती वाचा.

‘नव्वद’ म्हणजे नेमकं काय?

हा आकडा ऑइलच्या जाडीचा आहे. अमेरिकेतल्या एसएई या संस्थेच्या जे-३०६ या मानकानुसार तो ठरतो. १०० अंश सेल्सिअस तापमानाला ऑइलची जाडी १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असेल, तर ते ९० नंबर. २४ च्या पुढे गेलं की १४० नंबर.

इथे एक गैरसमज हमखास होतो. इंजिन ऑइल ४० किंवा ५० नंबरचं असतं, म्हणजे ९० नंबरचं गिअर ऑइल त्याच्या दुप्पट जाड असणार, असं अनेकांना वाटतं. पण इंजिन आणि गिअर ऑइलच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. १०० अंशांना ४० नंबरचं इंजिन ऑइल १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स भरतं. म्हणजे ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. आकडे मुद्दाम लांबचे ठेवले, कारण दोन डब्यांची अदलाबदल होऊ नये.

‘८०डब्ल्यू-९०’ मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. ८०डब्ल्यू ऑइल उणे २६ अंशांपर्यंत, ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत आणि ७५डब्ल्यू उणे ४० पर्यंत प्रवाही राहतं. वऱ्हाडातल्या डिसेंबरच्या पहाटेला यातलं कोणतंही ऑइल चालेल. त्यामुळे थंडीसाठी म्हणून महागडं ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक घेण्याची गरज इथे नाही.

मग जीएल-४ आणि जीएल-५ काय आहे?

जाडी हा झाला एक भाग. दुसरा भाग ऑइलमधल्या रसायनांचा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे एपीआय या संस्थेने गिअर ऑइलच्या ‘जीएल’ श्रेणी ठरवल्या. जीएल-१ म्हणजे जवळपास साधं खनिज तेल. जीएल-४ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असतात. जीएल-५ मध्ये तीच संयुगं साधारण दुप्पट. गिअर ऑइलला जो उग्र वास येतो, तो याच गंधकाचा.

गंधक लागतं कशाला? मागच्या अ‍ॅक्सलमधल्या क्राउन-पिनियनचं उदाहरण घ्या. बहुतेक गाड्यांत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेलं असतं. याला ‘हायपॉइड’ रचना म्हणतात. यात दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. या दाबाने ऑइलचा थर फाटतो. अशा वेळी गंधक-फॉस्फरस पोलादाशी रासायनिक क्रिया करून एक पातळ थर तयार करतात. तो थर झिजतो आणि दात वाचतात. म्हणून हायपॉइड डिफरन्शियलसाठी जीएल-५ योग्य.

जे डिफरन्शियलला चालतं, ते गिअरबॉक्सला का नाही?

कारण गिअरबॉक्समध्ये पोलादाखेरीज पितळ आणि कांसंही असतं. सिंक्रो रिंग, काही बुश आणि थ्रस्ट वॉशर या पिवळ्या धातूंचे असतात. यातून दोन अडचणी उभ्या राहतात.

पहिली घर्षणाची. गिअर बदलताना सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर दाबली जाते आणि घर्षणाने दोघांचा वेग एकसारखा करते. म्हणजे या एका जागी घर्षण हवंच. ऑइल गरजेपेक्षा निसरडं असेल, तर रिंग नुसती घसरते, वेग जुळत नाही आणि दुसरा किंवा तिसरा गिअर टाकताना ‘कर्रर्र’ आवाज येतो.

दुसरी गंजण्याची. जास्त तापमानाला सक्रिय गंधक तांब्याच्या मिश्रधातूंवर हल्ला करतं. पितळ काळपटतं, त्यावरचा थर सुटतो, पुन्हा नवा थर धरतो, असं चक्र सुरू राहतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जीएल-५ टाकलं की महिन्याभरात पितळ विरघळतं, ही भीती अतिरंजित आहे. आजच्या अनेक चांगल्या ऑइलमध्ये गंधक थोपवून धरणारी रसायनं असतात आणि ती ‘कॉपर स्ट्रिप’ चाचणीत उतरतात. या चाचणीत तांब्याची घासलेली पट्टी गरम ऑइलमध्ये काही तास ठेवतात आणि तिचा रंग किती बदलला ते पाहतात. १ए किंवा १बी म्हणजे जवळपास न बदललेली, ४ म्हणजे काळी पडलेली. ऑइलच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असेल तर जरूर पाहा. पण चाचणी पास झालेलं जीएल-५ सुद्धा सिंक्रोसाठी निसरडंच राहतं. त्यामुळे कंपनीने जीएल-४ सांगितलं असेल, तर जीएल-४ च शोधा.

सगळ्या जुन्या गाड्यांना एकच ऑइल चालतं का?

नाही. खरी गंमत इथेच आहे.

• एमजीबी (१९६२ ते १९८०) : हिच्या गिअरबॉक्समध्ये कंपनीने चक्क २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल सांगितलं आहे. मागच्या अ‍ॅक्सलला मात्र हायपॉइड गिअर ऑइलच लागतं. म्हणजे एकाच गाडीत दोन वेगळी ऑइल.

• ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२ ते १९८०) : गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं ९० नंबर ऑइल. ही गाडी ज्या हेराल्डवरून बेतली, तीच हेराल्ड १९६१ पासून मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून बनत होती. महाराष्ट्रात हेराल्ड जास्त आढळते आणि तिलाही हाच नियम लावता येतो.

• जुनी मिनी (१९५९ पासून) : इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. इथे ९० नंबर टाकलं, तर ते थेट इंजिनात जाईल.

कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने बनवलेली फियाट ही काही स्पोर्ट्स कार नाही. पण वऱ्हाडात जुनी गाडी म्हटलं की आधी तीच आठवते. तिच्यासाठीही पद्धत तीच : आधी पुस्तिका, मग दुकान.

पुस्तिका कशी वाचायची?

मूळ हँडबुकमध्ये ऑइलची जुनी नावं असतात. ‘ईपी ९०’ किंवा ‘हायपॉइड ९०’ असं लिहिलेलं दिसेल. गिअरबॉक्सच्या रकान्यात ‘ईपी ९०’ असेल, तर आजच्या भाषेत ते बहुधा ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-९०, जीएल-४. अ‍ॅक्सलच्या रकान्यात ‘हायपॉइड’ असेल, तर जीएल-५. ओव्हरड्राइव्ह किंवा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल, तर त्याची सूचना वेगळी असते. अंदाजाने काही टाकू नका.

माप पाहतानाही सावध राहा. इंग्लंडच्या पुस्तिकेतला १ पिंट म्हणजे ५६८ मिलि, अमेरिकेच्या पुस्तिकेतला ४७३ मिलि. हा फरक जवळपास ९५ मिलिचा आहे. ऑइल कमी पडलं तर दात घासतात, जास्त झालं तर फेस होतो, सील गळतात आणि ते क्लचप्लेटपर्यंत पोहोचू शकतं.

‘आपल्याकडं ऊन लय, १४० टाका’ हे बरोबर आहे का?

मे महिन्यात अमरावती-अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे खरं. पण ९० नंबरची जाडी मोजलीच जाते १०० अंशांना. बाहेरच्या ४५ अंशांनी ते पाण्यासारखं होत नाही. १४० ने गिअरचा आवाज दबतो, म्हणून अनेकांना गाडी सुधारल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात बेअरिंगची झीज तशीच राहते, फक्त ऐकू येत नाही. शिवाय जाड ऑइलमुळे सिंक्रोचं काम मंदावतं आणि सकाळी गिअर जड जातो.

ट्रॅक्टरचं ट्रान्समिशन ऑइल घरात असतंच, म्हणून तेही टाकू नका. ते एकाच वेळी हायड्रॉलिक लिफ्ट, ओले ब्रेक आणि गिअर सांभाळण्यासाठी बनवलेलं असतं. त्याची जाडी आणि रसायनं त्या कामाशी जुळवलेली असतात.

ऑइल बदलताना कोणता क्रम पाळायचा?

१. गाडी १०-१५ मिनिटं चालवून आणा. कोमट ऑइल गाळासकट निघतं.

२. गाडी सपाट जागी उभी करा. आधी भरण्याचा बोल्ट उघडा, नंतर खालचा. भरण्याचा बोल्ट गंजून अडकला असेल आणि तुम्ही ऑइल आधीच काढून टाकलं असेल, तर गाडी जागेवरच अडकते.

३. निघालेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात घ्या. राखाडी, मऊ लेप ही नेहमीची झीज. पिवळी चमकी दिसली तर सिंक्रो रिंग झिजतेय. पोलादाचे तुकडे दिसले तर गाडी चालवू नका, गिअरबॉक्स उघडा.

४. ऑइल दुधाळ असेल, तर पाणी गेलंय. वर्षभर उभ्या गाडीत आतल्या दमटपणाने हे होतं. पावसाळ्यात पेढी नदीच्या काठचे नाले ओलांडतानाही होतं. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं.

५. भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत ऑइल आलं आणि थेंब पडू लागला, की थांबा. डिपस्टिक असेल तर तिच्या खुणेपर्यंत भरा.

आधीच जीएल-५ भरलेलं असेल तर?

घाबरायचं कारण नाही, पण पुढच्या सर्व्हिसची वाटही पाहू नका. कोमट असताना काढा, जीएल-४ भरा. आतल्या कोपऱ्यांत थोडं जुनं ऑइल राहतंच, म्हणून काही दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा बदला. काही डब्यांवर ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही लिहिलेलं असतं. ते बहुधा जीएल-५ च्या ताकदीचंच असतं. पितळी सिंक्रोसाठी चालेल, असं कंपनीने स्पष्ट लिहिलं असेल तरच घ्या.

काढलेल्या ऑइलचं काय?

जळालेलं ऑइल कुंपणाच्या खांबांना किंवा बंडीच्या आसाला लावायची आपल्याकडे सवय आहे. पण २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. भातकुलीचा परिसर खारपाणपट्ट्यातला. इथे गोड पाण्याची आधीच टंचाई. नाल्यात किंवा विहिरीजवळ ते ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडे द्या.

गाडी रस्त्यावर आणण्यासाठी नियम काय?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल केला. ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, फेरनोंदणीला ५ हजार रुपये. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला परवानगी नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

• नंबर जाडी सांगतो, ‘जीएल’ रसायनं सांगतं. दोन्ही पाहा.
• पितळी सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सला बहुधा जीएल-४, हायपॉइड अ‍ॅक्सलला जीएल-५.
• शेवटचा शब्द पुस्तिकेचा. तिने इंजिन ऑइल सांगितलं असेल, तर इंजिन ऑइलच टाका.
• सीलबंद डबा, बॅच नंबर आणि पक्कं बिल घ्या. दुकानात जाताना पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि ‘नव्वद की एकशेचाळीस’ विचारलं, की तो दाखवा.