पथक कोणाचे? फुटबॉल, वाद्य आणि निष्ठा

बंगळूरच्या इंदिरानगराशेजारी हलसूर तलावाचा परिसर आहे. मद्रास सॅपर्स या १७८० पासूनच्या लष्करी दलाचे केंद्र येथेच आहे. कवायत, बँड आणि फुटबॉल या तिन्ही गोष्टी भारतात अशा छावण्यांतूनच आल्या. मुंबईत १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकावर दीर्घकाळ गोऱ्या पलटणींचेच नाव कोरले जात होते. १९३७ मध्ये तो बंगलोर मुस्लिम्स या नागरी संघाने जिंकला. फुटबॉल असा छावणीबाहेर पडला, परंतु बँड त्याच्यासोबत मैदानावर गेला नाही. तो गेला लग्नाच्या वरातीत.

अमेरिकेत हीच सामग्री वेगळ्या वाटेने गेली. १८६२ च्या मॉरिल कायद्याने जमिनीचे अनुदान मिळालेल्या महाविद्यालयांत लष्करी शिक्षणाची सोय करणे आवश्यक ठरले. तेथील छात्रसैनिकांचे बँड पुढे फुटबॉलच्या (हा खेळ वस्तुतः रग्बीच्या कुळातला) मैदानावर उतरले. त्यांचे कार्य केवळ साथसंगतीचे नव्हे. १९०७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या पथकाने वादकांच्या रांगांतून ‘पी’ हे अक्षर उभे केले. १९३६ मध्ये ओहायो स्टेटच्या पथकाने राज्याचे नाव चालत्या पावलांनी, वळणदार लिपीत लिहिले. त्यातील ‘आय’वरचा टिंब होण्याचा मान आज सूझाफोन या अवजड वाद्याच्या वादकाकडे असतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने यास लेखनच मानावे. फरक इतकाच की ही संहिता काही क्षणांत पुसली जाते आणि पुढच्या सामन्यात नव्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा लिहिली जाते.

गीतांचेही तसेच. मिशिगनचे ‘द व्हिक्टर्स’ हे गीत लुई एल्बेल या विद्यार्थ्याने १८९८ मध्ये शिकागोवरील निसटत्या विजयानंतर रचले. पण त्यात एकाही खेळाडूचे नाव नाही. आपला पोवाडा नायकाच्या नावाने उभा राहतो, प्रसंग सांगतो, शेवटी शाहिराची नाममुद्रा घेतो. येथे नायकाची जागा बुद्ध्याच रिकामी आहे. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातात, संस्था राहते. म्हणून गौरव संस्थेचाच.

मराठी मुलखात याचे खरे प्रतिरूप महाविद्यालयात शोधू नये. ते कोल्हापुरात, तालमींपाशी आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे मूळची कुस्तीच्या आखाड्यांची. आज त्यांचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांशी झुंजतात. प्रेक्षक पेठेपेठेने वाटलेला असतो, आणि पेठेचा जल्लोष म्हटला की हलगी आलीच. हलगीला शब्द नाहीत. पेठेचे नाव लोक आपल्या कंठाने भरतात. गणवेश नाही, अक्षराकृती नाही, तरी कार्य तेच.

आपले महाविद्यालय बहुधा पदवी घेऊन सोडावयाचे ठिकाण राहिले. पेठ सुटत नाही. वाद्य निष्ठेच्या मागोमाग जाते. खुद्द बंगळुरात २०१३ मध्ये बंगळूरू एफसी हा व्यावसायिक संघ स्थापन झाला, तेव्हा ढोल कोणत्याही महाविद्यालयातून आला नाही. तो ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ या नावाने एकत्र आलेल्या प्रेक्षकांनी स्वतःच हाती घेतला.