नवी गिटार घ्यावी की आहे तिचीच जवारी काढावी?

घरात पहिली गिटार येते ती हट्टापायी. दहावीचा निकाल लागलेला असतो, शेजारच्या मुलाकडे गिटार असते, आणि आई-बाबा चार-पाच हजारांची एक गिटार आणून देतात. वर्ष-दोन वर्षं जातात. मग एका रात्री जेवताना विषय निघतो : ‘बाबा, आता चांगली गिटार हवी.’ बाबांचा घास हातातच राहतो. ‘मग ही काय वाईट आहे? ही तरी कुठे रोज वाजते?’

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या मराठी घरातही हा संवाद याहून वेगळा होत नसणार. छत्तीसगढीत पारा म्हणजे आळी, मोहल्ला. बूढा तलावाच्या काठची ही शहरातली जुनी वस्ती. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर १८५४ पर्यंत होता, त्यामुळे मराठी माणूस इथे उपरा नाही. ‘छत्तीसगढ मित्र’चे संपादक, ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा याच भागात आहे. आणि १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, कोलकात्याहून रायपूरला आला, तेव्हा या कुटुंबाचा मुक्काम बूढापाऱ्यातल्या डे भवनात होता असं मानतात. गाण्याची गोडी त्याला वडिलांकडूनच लागलेली. पण त्याचं मुख्य वाद्य गळा होतं, आणि गळा बदलून आणावा लागत नाही. गिटारचं तसं नाही.

मराठी घराला वाद्य दुसऱ्यांदा घेण्याची सवय नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. आपल्याकडे तंबोरा मिरजेहून यायचा तो एकदाच. आजोबांनी आणलेला तंबोरा नातीने जुळवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांची घराणी नांदत आहेत, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या वाद्यांचा नाद बसला तर कुणी लगेच नवं वाद्य बघायला निघत नाही. वाद्य कारागिराकडे जातं, तो घोडी घासून तिचा पृष्ठभाग नीट करतो. याला जवारी काढणं म्हणतात. जवारी निघाली की तेच लाकूड, तोच भोपळा, पण आवाज पुन्हा खुलतो.

गिटारलाही जवारीसारखं एक काम असतं, आणि बहुतेक घरांत नेमकं तेच राहून जातं. सतारीला पडदे असतात तसे गिटारच्या मानेवर धातूचे पडदे बसवलेले असतात, गिटारवाले त्यांना फ्रेट म्हणतात. तार या पडद्यापासून किती उंच आहे यावर बोटांचं सुख-दुःख ठरतं. कंपासपेटीतली मोजपट्टी घेऊन बाराव्या पडद्याजवळ मोजून बघा. सगळ्यांत जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि सगळ्यांत बारीक तार दोनच्या आतबाहेर असेल तर गिटार बरी बसवलेली आहे. हीच उंची चारच्या पुढे गेली असेल, तर मुलाची बोटं रोज त्या तारांशी कुस्ती खेळत आहेत असं समजा. स्वस्त गिटारी कारखान्यातून बऱ्याचदा अशाच उंच तारांच्या निघतात.

खरं नुकसान इथे होतं. उंच तार दाबताना बोटं सोलवटतात, स्वर किंचित चढा लागतो, आणि पहिलं बोट आडवं ठेवून सहाही तारा दाबायचा तो कुप्रसिद्ध ‘एफ’ कॉर्ड काही केल्या वाजत नाही. मूल कंटाळतं, गिटार कपाटावर जाते, आणि घरात शिक्का बसतो : आरंभशूर! पुढे तबला म्हणा, पोहणं म्हणा, काहीही मागितलं की कपाटाकडे बोट दाखवलं जातं. दोष दोन मिलिमीटरचा असतो, आणि तो शिक्का मात्र पोराला वर्षानुवर्षं पुरतो.

म्हणून नव्या गिटारीचा विचार करण्याआधी आहे ती गिटार एखाद्या जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावी. तारा नव्या घालाव्यात, कारण गंजक्या तारांनी उत्तम गिटारही मुकी होते. मानेच्या पोटात लोखंडी कांब असेल तर ती पिळून मानेचा बाक दुरुस्त होतो. सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या घरात असतो, इतका भार रात्रंदिवस ओढून मान थोडी वाकणारच. दोन्ही टोकांना तारा ज्यावर टेकतात त्या पट्ट्या घासून उंची खाली आणता येते. या सगळ्याचा खर्च नव्या गिटारीच्या तुलनेत किरकोळ. एवढं करून महिनाभर वाजवून बघावं. कित्येकदा ‘चांगली गिटार हवी’ हे मागणं इथेच विरून जातं.

नाही विरलं तर? तर मूल खरंच वाद्याच्या पुढे गेलं असण्याची शक्यता आहे. हळू वाजवलं आणि जोरात वाजवलं तरी आवाज तसाच येतो, दोन सुरांमधला नाजूक फरक कानाला कळतो पण हाताखाली निघत नाही, अशी तक्रार मूल करू लागलं की बाबांनी पाकिटाकडे हात न्यायला हरकत नाही.

आता पैसे कशाचे मोजायचे? गिटारची खरी बोलकी बाजू म्हणजे तारांखालची वरची फळी, सतारीत जिला तबली म्हणतात ती. स्वस्त गिटारीत ती लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेली असते, थोडक्यात प्लायवूडच. चांगल्या गिटारीत ती अखंड लाकडाची, बहुधा स्प्रूसची. यामाहाच्याच दोन गिटारी घ्या. गिटार शिकणाऱ्यांत वर्षानुवर्षं लोकप्रिय असलेल्या एफ ३१० ची तबली थरांची आहे, एफजी ८०० ची अखंड स्प्रूसची. किमतीतल्या फरकाचा मोठा भाग या एका फळीचा. ओळखायची खूण सोपी आहे. मधल्या गोल भोकाच्या कडेला डोळा लावावा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरलेल्या दिसल्या तर फळी अखंड, थर दिसले तर प्लाय.

पाठीच्या आणि कडांच्या लाकडासाठी मात्र हातचे पैसे घालवू नयेत. दुकानदार ‘रोझवूड’ म्हणून डोळे मिटतो ते लाकूड म्हणजे आपलं शिसवीच. आजीच्या पाटाचं आणि दिवाणाचं. ब्राझीलचं शिसवी दुर्मीळ झाल्यावर अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवी वापरायला सुरुवात केली. हे लाकूड देखणं आहे यात वाद नाही. पण इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. रॉजर बकनॉल या कारागिराकडून त्यांनी सहा गिटारी करून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठीचं आणि कडांचं लाकूड वेगळं, काही महागडं तर काही साधं. बावन्न वादकांना वेल्डरचे काळे चष्मे लावून मंद उजेडात त्या वाजवायला दिल्या. सहाही गिटारींना जवळपास सारखेच गुण मिळाले. डोळे झाकले की महाग लाकडाचा रुबाब उतरतो, असंच म्हणायचं.

अखंड तबलीचा एक तोटा मात्र रायपूरकरांनी ध्यानात ठेवायलाच हवा. असं लाकूड हवेबरोबर फुगतं आणि आक्रसतं. गिटारला मानवते ती साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता, आणि रायपूरची हवा या पट्टीत वर्षभर राहात नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर, बाहेर लू, घरात एसी लावला तर हवा आणखी कोरडी. पडद्यांची टोकं बोटाला टोचू लागली की लाकूड आक्रसलंय हे ओळखावं. तरीही दुर्लक्ष केलं तर तबलीला चीर जाऊ शकते. जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू झाला की उलटा प्रकार : तबली फुगते, तारा वर उचलल्या जातात. गंमत म्हणजे आपला ओलावा फेकणारा कूलर उन्हाळ्यात एसीपेक्षा गिटारला सोसतो, फक्त झोत थेट अंगावर नको. अखंड तबलीची गिटार घेतली तर टणक पेटीही घ्यावी. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढी निगा राखावी. ज्याला गिटार स्कूटरवर टाकून क्लासला न्यायची आहे, सहलीला न्यायची आहे, त्याला थरांची तबली अधिक बरी. ती आवाजात थोडी उणी, पण हवामानाला दाद देत नाही.

चांगला वादक चांगलं वाद्य बदलतच राहतो हाही एक गैरसमज. अमेरिकेचे विख्यात गायक विली नेल्सन यांनी १९६९ मध्ये ७५० डॉलरला, न पाहताच, मार्टिनची एन-२० गिटार घेतली. ‘ट्रिगर’ तिचं नाव. वाजवून वाजवून तिच्या तबलीला गोल भोकाशेजारी दुसरं भोक पडलं. त्यांनी ती टाकली नाही, कारागिराकडून पुनःपुन्हा नीट करून घेतली आणि अर्धशतक उलटून गेल्यावरही तीच वाजवत राहिले. मिरजेचा कारागीर हे ऐकून मान डोलावेल.

रायपूर हावडा-मुंबई मार्गावर असल्याने खरेदीला दोन्ही दिशा मोकळ्या. हवाईयन गिटारवर रवींद्रसंगीत वाजवण्याची आवड बंगाली घरांत जुनी आहे, आणि गिवसन, हॉबनर ही कोलकात्याची नावं शिकाऊ मुलांच्या हाती पिढ्यान्पिढ्या दिसली आहेत. नावं ऐकून साहेबाच्या देशातली वाटतात, ती गोष्ट वेगळी! मुंबईला धोबीतलावाचं फुर्टाडोज १८६५ पासूनचं. कुठेही घ्या, पण फोटो बघून नको. शिक्षकांना बरोबर न्यावं, जमलं तर जुनी गिटारही न्यावी. एकच गाणं आधी जुनीवर आणि मग नवीवर वाजवावं. ऐकणाऱ्या बाबांनी पाठ फिरवून बसावं आणि किमतीची चिठ्ठी शेवटी बघावी. सात हजारांची आणि वीस हजारांची यांत त्यांना फरक कळला नाही तरी चालेल, वाजवणाऱ्याला कळला पाहिजे. त्यालाही कळला नाही तर तारांचा एक जोड घेऊन घरी परतावं.

आणि नवी घेतलीच तर जुनी विकू नये. तिचे पैसे फारसे येत नाहीत, आणि धाकट्या भावंडाला दोन वर्षांनी तीच लागणार आहे. फक्त त्याच्या हाती देण्याआधी तारांची उंची एकदा मोजून घ्यावी.