सालमन नदीत जेवायला येत नाही

‘समुद्रातून एवढं पोहून आला, भूक लागणारच त्याला!’ अलास्काच्या नदीत कुणीतरी सालमन पकडतानाचा व्हिडिओ दाखवला की हे वाक्य ठरलेलं. कोकणात वर्षानुवर्षं गरवायला जाणारेही हेच ऐकवतात. आमिषाला लागला म्हणजे मासा भुकेला होता, हा हिशेब आपल्या खाडीत जमतो. अलास्कात तो साफ चुकतो, हे कितीदा सांगायचं?

नैऋत्य अलास्कातला ब्रिस्टल बे घ्या. २०२२ साली तिथे सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय सालमन परतले. समुद्रात दोन-तीन वर्षं खाऊन साठवलेली चरबी हीच त्यांची शिदोरी. गोड्या पाण्यात शिरायच्या सुमारास त्यांचं खाणं थांबतं आणि पचनसंस्था आक्रसत जाते. साठवलेलं सगळं पोहण्यात, अंडी-वीर्य तयार करण्यात आणि नरांच्या बाबतीत जबडा वाकडा व्हायला खर्ची पडतं. वीण झाली की काही दिवसांत मासा मरतो. ज्याचं पोटच बंद पडलंय, त्याला भूक कसली?

‘मग तो गळाला लागतो कसा?’ रास्त प्रश्न. किंग आणि कोहो या जाती पिसं-दोऱ्याच्या फ्लायवर खरोखर झडप घालतात. चिडून, जागा राखायला, की समुद्रातली जुनी सवय म्हणून, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. सॉकायची गोष्ट वेगळी. तो समुद्रातही मुख्यतः बारीक प्लवकांवर जगतो. त्यामुळे नदीत पुष्कळदा प्रवाहात आडवी गेलेली दोरी त्याच्या उघड्या तोंडातून सरकते आणि गळ बाहेरून जबड्यात रुततो. ‘काय झडप घातली!’ म्हणून ओरडणाऱ्याला हे पटत नाही. पण गळ तोंडाऐवजी पोटात किंवा शेपटीत रुतला, तर मासा ताबडतोब सोडायचा, असा अलास्काच्या नद्यांमध्ये कायदाच आहे.

खरा भुकेला मासा असतो सालमनच्या मागे दडलेला ट्राउट. सालमनची मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते आणि त्यात अंडी घालते. थोडी अंडी प्रवाहात निसटतात, खडीखालचे किडे वर येतात, आणि खालच्या अंगाला रेनबो ट्राउट पंगतीला बसल्यासारखे रांगेत उभे असतात. शंका असेल त्यांनी ‘फ्रेशवॉटर बायॉलॉजी’तला २००७चा शोधनिबंध पाहावा. सालमन आल्यानंतर तिथल्या ओढ्यांतल्या रेनबो ट्राउटचा आहार ४८० ते ६२० टक्क्यांनी वाढल्याचं त्यात नोंदवलंय. अंडी आणि कुजत्या सालमनवरच्या अळ्या, असा तो आहार.

म्हणून तिथल्या गाइडची डबी उघडली तर माश्यांच्या नकला थोड्याच दिसतात. त्यात असतात गाभोळीच्या दाण्याएवढे प्लास्टिकचे मणी: ताज्या अंड्यांसारखे पारदर्शक नारिंगी आणि मेलेल्या अंड्यांसारखे दुधट फिके. हंगाम उतरला की निघते सशाच्या फरची मळकट पांढरी पट्टी, म्हणजे सडून सुटलेल्या सालमनच्या मांसाचा तुकडा! गाइडला पैसे मोजायचे ते दोरी फेकायला शिकवण्याबद्दल कमी. या आठवड्यात सालमन आत येतोय, अंडी घालतोय की मरतोय, हे ओळखून त्याप्रमाणे डबीतलं आमिष निवडण्याबद्दल जास्त.

आता बाकीचे गैरसमज, झटपट.

‘सगळे सालमन वीण झाली की मरतात.’ वर सांगितलेले पॅसिफिकचे सालमन मरतात. अटलांटिक सालमनपैकी काही जगतात, समुद्रात परततात आणि पुन्हा विणीला येतात.

‘कुलू-काश्मीरचा ट्राउट मूळचा हिमालयातला.’ नाही. ब्राउन ट्राउटची अंडी इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर बोटीने आणवली, आधी काश्मीरला. रेनबो ट्राउट मूळचा पॅसिफिक किनाऱ्याचा.

‘अस्वल आलं तर मासा त्याच्यापुढे टाकावा.’ अजिबात नको! माणूस दिसला की मासा मिळतो, हे अस्वल एकदा शिकलं की पुढच्या माणसाची धडगत नाही. कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातल्या ब्रुक्स नदीवर अस्वल जवळ येताच गरवणं थांबवतात. गळाला मासा असेल तर दोरी तोडतात.

‘पकडून सोडला म्हणजे मासा वाचला.’ दर वेळी नाही. कॅनडात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रेनबो ट्राउटना दमवून तसंच पाण्यात ठेवलं, तेव्हा १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के मेले आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. प्रयोगशाळेतला ताण नदीतल्यापेक्षा कडक होता आणि नदीवरचे आकडे सहसा बरेच कमी येतात, हे खरं. पण हवा लागली की माशाच्या कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे एकमेकांना चिकटतात, ते नदीवरही तसेच. तेव्हा फोटो हवाच असेल, तर आधी कॅमेरा तयार ठेवा, हात ओले करा आणि मासा पाण्यातच राहू द्या.