बत्तीस बोअरचं वजन

दादरच्या रानडे रोडवर आमच्या ओळखीचे एक सराफ आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात. गेल्या दिवाळीच्या आधी रात्री दुकानाचं शटर ओढता ओढता त्यांनी मला बाजूला घेतलं. "अरे, तू रेंजवर जातोस ना? मग सांग, शर्टाखाली दिसणार नाही असं लहानसं आणि परवडेल असं कुठलं हत्यार घेऊ?" उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. तीस वर्षं मी या विषयाच्या मागे आहे. म्हणून नानांना जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो.

सुरुवात बोअरपासून, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासापासून करायची. आपल्याकडे सामान्य नागरिकाला ९ मिलिमीटरचं पिस्तूल मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये येतं. स्वसंरक्षणासाठी उरतात मुख्यतः .२२ आणि .३२. त्यातलं .३२ म्हणजे परवानाधारकांच्या तोंडी असलेलं 'बत्तीस बोअर'. माझा जीव याच बत्तीसवर जडला आहे. गंमत अशी की बत्तीसची काडतुसं दोन आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब काडतूस ७.६५ × २३ मिलिमीटरचं, बुडाशी ठळक कड असलेलं. पिस्तुलाचं ७.६५ × १७, आखूड आणि आटोपशीर. नाव एकच असलं तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं बूड भिंगाखाली धरलं तर बऱ्याचदा 'केएफ' ही अक्षरं दिसतात. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या पुण्याच्या खडकीचा १८६९ मध्ये उभा राहिलेला दारूगोळा कारखाना. ती अक्षरं दिसली की मला अजूनही आनंद होतो.

आखूड काडतूस शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगचं. बेल्जियममधल्या एफएन कारखान्याने काढलेलं १९०० चं ब्राउनिंग पिस्तूल या काडतुसावर चालायचं. पिस्तुलात रिव्हॉल्व्हरसारखा गोल सिलिंडर नसतो, गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक बसतात. त्यामुळे हत्यार चपटं राहतं आणि कपड्याखाली फुगवटा येत नाही. लपवून बाळगायच्या हत्याराचा सगळा इतिहास या चपटेपणात आहे.

इथे थोडं विषयांतर करतो. शिवाजी पार्कला फेरी मारताना सावरकर सदनासमोर माझी पावलं थबकतात. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. तिथल्या इंडिया हाऊसमधले आचारी चतुर्भुज अमीन यांनी ती पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला आणली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्यातल्याच एका पिस्तुलातून कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. चोरकप्प्यात वीस नग मावले आणि भरल्या नाट्यगृहात ते कुणाला दिसलं नाही, याला हत्याराचा आकारही कारण होता. लहान हत्यार म्हणजे लहान गोष्ट नव्हे, हे मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून शिकलो.

आता आजची निवड. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचं जुनं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली घाटाचं आहे. वरची कळ दाबली की नळी खाली झुकते, सिलिंडरच्या मधली चांदणी वर येते आणि सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम उचलल्या जातात. ते बघायला मला आजही आवडतं. २०१४ मध्ये 'निर्भीक' आलं: टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, त्या वेळी किंमत १ लाख २२ हजार ३६०. इशापूरच्या सरकारी कारखान्याचं .२२ चं 'निडर' फक्त २५० ग्रॅमचं आणि आलं तेव्हा सुमारे ३५ हजारांचं. २०२३ मध्ये 'प्रबळ' आलं. त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो आणि वजन आहे सुमारे ७०० ग्रॅम. पिस्तूल हवं असेल तर बत्तीसचं 'अशनी' आहे. आयात बंद असल्याने जुन्या विदेशी पिस्तुलांना लाखांचा भाव येतो. त्या मोहात पडू नये, सुटे भाग मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

नानांचा डोळा अर्थातच सगळ्यात हलक्यावर. कंबरेला हलकं बरं वाटतं हे खरं, पण त्याच बोअरचं हत्यार जितकं हलकं, तितका त्याचा धक्का हाताला जास्त बसतो. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी न ओढता थेट चाप दाबला तर चाप जड आणि लांब लागतो. त्या ओढीत नळी हलते आणि नेम जातो. त्यावर उपाय सरावाचाच. म्हणून 'परवडणारं' याचा हिशेब नुसत्या किमतीवर करू नये. काडतुसं, रेंजची फी, चांगलं होल्स्टर हे सगळं त्यात धरावं. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर तर हवंच. दादरच्या पुलावरच्या गर्दीत किल्ल्यांबरोबर नुसतं खिशात ठेवलेलं हत्यार शत्रूच्या आधी मालकालाच धोक्याचं.

कायद्याचं थोडक्यात: १९५९ चा शस्त्र कायदा, २०१६ चे नियम. मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तांकडे, सोबत वैद्यकीय दाखला आणि हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं, परवान्याची मुदत पाच वर्षं. बाहेर नेताना होल्स्टरमध्ये, मिरवायचं नाही. वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हत्याराआधी हात तयार करावा, असं माझं ठाम मत आहे. सावरकर स्मारकात रायफल क्लब आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. दादरच्याच कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून आलेल्या नेमबाज अंजली भागवत त्याच वरळीत घडल्या. नानांनाही मी क्लबचं सभासद करून घेतलं. पहिल्या दिवशी क्लबच्या .२२ पिस्तुलातून त्यांनी दहा गोळ्या झाडल्या, कागदाला लागल्या चार. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाकीच्या सहा माझ्या दुकानात गेल्या असत्या तर कुणाला लागल्या असत्या रे?"

अर्ज त्यांनी अजून केलेला नाही. दर रविवारी सकाळी मात्र माझ्याबरोबर येतात. गेल्या महिन्यात दहापैकी आठ लागल्या, तेव्हा मी विचारलं, आता घ्यायचं का? कागदाची घडी खिशात घालत नाना म्हणाले, "दोन राहिल्यात अजून."