नियोक्त्याची सामाजिक ओळख व अर्जदारांचा कल

नोकरी देणाऱ्या व्यक्तीचा वंश, जात, धर्म किंवा लिंग यांचा उमेदवाराच्या अर्ज करण्याच्या इच्छेवर होणारा परिणाम. श्रमबाजारातील भेदभावाची चर्चा बहुधा नियोक्ता उमेदवारांतून कोणाला निवडतो, या प्रश्नाभोवती होते. प्रत्यक्षात निवड दुहेरी असते. नियोक्त्यापुढे अर्ज येण्यापूर्वीच काही उमेदवारांनी त्याला टाळलेले असते.

कारणे : अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर (१९३०–२०१४) याने द इकॉनॉमिक्स ऑफ डिस्क्रिमिनेशन (१९५७) या ग्रंथात मालक, कामगार व ग्राहक या तिघांच्याही पूर्वग्रहांचा विचार केला. पूर्वग्रह बाळगणारा कामगार विशिष्ट गटातील व्यक्तींबरोबर काम करण्यासाठी अधिक वेतनाची अपेक्षा करतो, अशी त्याची मांडणी आहे. ती मालकाबाबतच्या पूर्वग्रहालाही लावता येते. दुसरे कारण अपुऱ्या माहितीचे होय. वेतनाची नियमितता, बढतीची संधी किंवा वरिष्ठांची वागणूक जाहिरातीवरून कळत नाही; म्हणून उमेदवार मालकाच्या नाव-आडनावावरून अनुमान काढतो. असे अनुमान नेहमीच तिरस्कारातून येते असे नाही. स्त्रीला स्त्रीप्रमुखाच्या हाताखाली सुरक्षितता वाटू शकते. तर अल्पसंख्य गटातील उमेदवाराला परक्या मालकाकडे डावलले जाण्याची भीती अनुभवानेही वाटत असते.

तिसरे कारण ओळखीपाळखीच्या जाळ्याचे. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारभरती दीर्घकाळ जॉबर किंवा मुकादम यांच्या हाती होती. जॉबर आपल्या गावच्या, नात्यातील व जातीतील माणसांना कामावर लावी. स्त्रीकामगारांवर नायकिणी देखरेख करीत. अशा व्यवस्थेत कोणत्या खात्यात काम मागावयास जावे, हे तेथील जॉबर कोण आहे यावर पुष्कळसे अवलंबून असे.

पुरावा : अमेरिकेत गॅलप संस्थेच्या १९५३ च्या पाहणीत ६६ टक्के लोकांनी पुरुष वरिष्ठाला, तर केवळ ५ टक्के लोकांनी स्त्री वरिष्ठाला पसंती दिली. २०१७ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २३ व २१ टक्के झाले; ५५ टक्के लोकांना वरिष्ठ स्त्री की पुरुष याने फरक पडत नव्हता. तथापि बोलून दाखविलेली पसंती व प्रत्यक्ष वर्तन यांत अंतर असते. मार्टिन एबल या अर्थशास्त्रज्ञाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २,७०० कामगारांना लिप्यंकनाचे काम देऊन त्यांचा काल्पनिक व्यवस्थापक स्त्री की पुरुष, हे यदृच्छया ठरविले. कामावर टीका झाल्यास समाधान घटले. टीका स्त्री व्यवस्थापकाकडून आल्यास ही घट दुप्पट झाली व त्या संस्थेत पुढे काम करण्याची इच्छाही कमी झाली. कामगार पुरुष असो वा स्त्री, हा परिणाम आढळला.

केवळ भरतीच्या आकड्यांवरून मात्र कारण ठरविता येत नाही. एका मोठ्या अमेरिकन किरकोळ विक्रीसंस्थेच्या नोंदींवर आधारलेल्या २००९ च्या अभ्यासात कृष्णवर्णीय व्यवस्थापकांच्या तुलनेने इतर व्यवस्थापकांनी गोरे कर्मचारी अधिक व कृष्णवर्णीय कमी घेतल्याचे दिसले. असा फरक व्यवस्थापकाच्या निवडीमुळे पडू शकतो, तसाच कोण अर्ज करतो यामुळेही पडू शकतो. या दोहोंचा वाटा वेगळा करण्यासाठी प्रत्येक जागेसाठी आलेल्या अर्जांचीही नोंद लागते.

परिणाम : अर्जदारांनी टाळलेल्या नियोक्त्याला कमी उमेदवारांतून निवड करावी लागते किंवा वेतन वाढवावे लागते. त्यामुळे स्त्रिया व अल्पसंख्य उद्योजक यांच्यावर एक अदृश्य खर्च पडतो. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यासारखे कायदे नियोक्त्यावर बंधन घालतात. अर्ज न करण्याच्या निर्णयावर ते बंधन घालू शकत नाहीत व घालणे इष्टही नाही. वेतन, बढती व तक्रारनिवारण यांची माहिती जाहिरातीतच स्पष्टपणे देणे, हा त्यावरील व्यवहार्य उपाय होय. त्यामुळे अज्ञानातून आलेले अनुमान दूर होऊ शकते. मुरलेला पूर्वग्रह मात्र केवळ माहितीने जात नाही.