धसका आणि देह

मुंबईतील मढच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून वाळत घालण्यासाठी आपला मुलूख सोडून आलेल्या एखाद्या मजूर स्त्रीने ‘छातीत धडधडतं, हातपाय गळतात’ अशी तक्रार केली, की ‘सारे मनाचे खेळ’ असा शेरा मारून तिचा मामला दप्तरी दाखल केला जातो. हा गैरसमज, माझ्या मते, सर्वांत निर्दय. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल रक्तात उतरतात, नाडी जलद होते, रक्तातील साखर वाढते. संकट टळताच हे सारे शमावे अशी निसर्गाची योजना आहे, परंतु १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत मजुरी थांबली म्हणजे खोलीचे भाडे कोठून द्यावे, गावी ठेवलेले मूल आजारी पडल्यास काय करावे, ही चिंता टळतच नाही, आणि मग रक्तदाब चढा राहतो, झोप उडते. ताणाचे संशोधक हान्स सेल्ये यांना १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांत, थंडी, इजा, अतिश्रम अशी निमित्ते निरनिराळी असताही, जठरातील व्रण आणि वाढलेल्या अधिवृक्क ग्रंथी सारख्याच आढळल्या होत्या.

‘सवय झाली की त्रास उरत नाही’ हेही खरे नव्हे. अंगवळणी पडते ते सोसणे, झीज मात्र साचत जाते.

आघात ज्याच्यावर कोसळला त्यालाच बाधतो, ही समजूत तर अमेरिकेतील एका घटनेने पार खोटी ठरवली. १२ मे २००८ रोजी आयोवा राज्यातील पोस्टव्हिल येथील मांसकारखान्यावर सरकारी छापा पडून ३८९ स्थलांतरित कामगार अटकेत गेले. पुढील ३७ आठवड्यांत त्या राज्यभरातील लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मातांच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्मण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळाहून २४ टक्क्यांनी वाढला. यांतील बहुसंख्य मातांच्या दारी शिपाई आलाही नव्हता. नुसता धसका गर्भापर्यंत पोहोचला.

उलट, प्रत्येक दुखणे ताणाच्या खाती मांडणे हाही अन्यायच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि गळून जाणे, धडधडणे ही रक्तक्षयाचीही लक्षणे आहेत. तेव्हा हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर यांची तपासणी अवश्य व्हावी, आणि त्याच बैठकीत ‘झोप लागते का, घरात कोणी हात उगारतो का’ हेही तिला एकांतात विचारले जावे. मन मोकळे करायला जवळचे कोणी नसल्यास शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य चालतो. तेथे मराठी, हिंदी आणि इतर अनेक भारतीय भाषांत बोलता येते.