पापलेटची पिल्लं आणि जाळ्याची आस

सप्टेंबर 2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. मान मिळाला खरा, पण तळहातात मावणारी त्याची पिल्लं अजूनही बाजारात वाट्यावर विकली जातात. एकदाही अंडी न घातलेली. दोष बराचसा जाळ्याचा. ट्रॉलरचं जाळं ओढताना ताण बसतो आणि शेपटाकडच्या पिशवीची शंकरपाळ्याच्या आकाराची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मिटते; मग बारीक मासळीही निसटू शकत नाही. तिथे 40 मिलिमीटरची चौकोनी आस असली, तर ती ताणातही उघडी राहते. उपाय अगदी साधा. पण बारीक मासळीलाही मासळीची भुकटी करणाऱ्या फिशमीलवाल्यांचं गिऱ्हाईक आहे! डिझेलचा खर्च डोक्यावर असलेला बोटीचा तांडेल ती कशाला सोडेल? जून-जुलैची मासेमारीबंदी हवीच, पण बंदी उठली की तीच जाळी पुन्हा पाण्यात उतरतात.